सेसनावरून फास्ट अल्ट्रालाइटवर यायचंय? आधी वजनकाटा, मग उतरण

ओळखीतल्या एका मुलाने विचारलंय. मूळचा पुण्याचा, सध्या म्युनिकला नोकरीला, पीपीएल, म्हणजे खासगी पायलटचं लायसन्स, झालंय, क्लबच्या सेसना १७२ वर शंभर-सव्वाशे तास झालेत. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: "ताई, एप्रिलमधे फ्रीडरिक्सहाफेनला एअरो प्रदर्शनात ती नवी अल्ट्रालाइट बघितली, कार्बनची, चाकं आत जाणारी, ताशी ३०० म्हणतात आणि पेट्रोल सेसनाच्या निम्मं. मी आणि बायको वीकेंडला समुद्रावर जाऊन येऊ शकू. घेऊ का? उडवायला अवघड असतात का?"

मी गेली अकरा वर्षं जर्मनीत यूएल, म्हणजे अल्ट्रालाइट, उडवतेय. शिकले सी ४२ या साध्या दोन सीटच्या विमानावर, इथे निम्मी जनता त्याच्यावरच शिकते, आणि गेली सात वर्षं आम्ही चौघांनी मिळून घेतलेलं एक चेक बनावटीचं विमान आहे, पंख खालच्या बाजूला, चाकं आत जाणारी, इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस, शंभर हॉर्सपॉवर. माझे एकूण साडेसहाशेच्या वर तास झाले असतील. त्या अनुभवावरून सांगते. उडवायला अजिबात अवघड नाहीत, काठी हातात घेतलीस की दहा मिनिटांत प्रेमात पडशील. पण वेग मिळवायला काहीच कष्ट पडत नाहीत म्हणूनच तो घालवायचा कसा हे नव्याने शिकावं लागतं, आणि त्याच्याही आधी किलो मोजायला शिकावं लागतं. या दोन गोष्टींत लोक फसतात, त्यामुळे त्यांच्यावरच जास्त लिहिणारे.

आधी ही विमानं एवढी फास्ट का झाली ते समजून घे, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. युरोपात मायक्रोलाइटची, म्हणजे याच अल्ट्रालाइटची, व्याख्या कित्येक वर्षं अशी होती की दोन सीट, जास्तीत जास्त वजन ४५० किलो, अख्ख्या विमानाला खाली आणणारं पॅराशूट बसवलं असेल तर ४७२.५, आणि स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाही तो, ताशी ६५ किलोमीटरच्या आत. बघ, कायद्याने खालचा वेग ठरवला, वरच्या वेगाबद्दल काहीच म्हटलं नाही. चेक, स्लोव्हाक, इटालियन, स्लोव्हेनियन लोकांनी नेमकं तेच हेरलं. कार्बन फायबर वापरून वजन कमी केलं, पंख लहान केला, त्याच्या मागच्या कडेला भलेमोठे फ्लॅप, म्हणजे खाली वळणारे भाग, लावले म्हणजे उतरताना ६५ चा नियम पाळला जातो आणि फ्लॅप आत घेतले की तोच पंख एकदम गुळगुळीत पातळ. वरून चाकं पण आत ओढून घेतली. मग त्याच शंभर हॉर्सपॉवरवर सी ४२ जिथे १७०-१८० ला दमतं तिथे हे २४०-२५० ने आरामात जातं. २०१८ च्या युरोपियन नियमाने देशांना ही मर्यादा ६०० किलो आणि स्टॉल ४५ नॉटपर्यंत (ताशी ८३ किलोमीटर) वाढवायची मुभा दिली, जर्मनीने २०१९ मधे ती घेतली, आणि आता रोटॅक्स ९१५ चं टर्बो इंजिन, १४१ हॉर्सपॉवरचं, बसवलेली जी मॉडेल तू एअरोला बघितलीस ती ३०० ची भाषा करतात.

म्हणजे तुझ्यासमोर जे विमान आहे त्याचे दोन स्वभाव आहेत. फ्लॅप-चाकं आत असताना ते लोणी लावल्यासारखं घसरतं, आणि सगळं बाहेर काढलं की हलक्या कागदी पतंगासारखं हवेत थांबतं. सेसनाचा स्वभाव वर-खाली एकच असतो, जरा जाडजूड, सोशिक.

आता वजन. ब्रोशरमधे मोठ्या अक्षरात वेग असतो, रिकामं वजन कुठेतरी खाली बारीक अक्षरात, आणि ते पण बहुतेक वेळा सर्वात साध्या मॉडेलचं. त्यावर मग ऑटोपायलट, दुसरा स्क्रीन, लेदरच्या सीट, हीटर, चांगला रंग असं करत करत पंधरा-वीस किलो कधी वाढले कळतही नाही. आमच्या विमानाचा हिशोब सांगते. पॅराशूटसकट काट्यावर रिकामं वजन ३१० किलो. मर्यादा ४७२.५. उरले १६२.५. मी कपडे-बूट-हेडसेटसकट ७४, नवरा सडपातळ आहे तरी ७०. झाले १४४. राहिले साडेअठरा किलो, म्हणजे पंचवीस लिटर पेट्रोल, बॅग शून्य. ताशी अठरा लिटर धर, अर्ध्या तासाचा राखीव साठा बाजूला काढ, हातात पाऊण-एक तास उरतो. टाकी सत्तर लिटरची आहे पण ती भरलेली आणि शेजारची सीटपण भरलेली असं आमच्याकडे कायद्यात बसूच शकत नाही. ज्या दिवशी ती टाकी भरते त्या दिवशी मी एकटी असते.

"सगळेच थोडं जास्त वजन घेऊन उडतात" हे वाक्य तुला हँगरमधे ऐकू येईल. येणारच. त्याला मान डोलवू नकोस. जास्त वजनाने विमान वर जातं, त्यात वाद नाही, शंभर हॉर्सपॉवर आहे, खेचतं. पण वजन वाढलं की स्टॉलचा वेग वाढतो, रनवे जास्त लागतो, ढाचा जेवढा ताण सोसेल म्हणून तपासलाय ते गणित बिघडतं, आणि पॅराशूट ज्या वजन-वेगासाठी प्रमाणित आहे त्याच्या बाहेर तू गेलेला असतोस. शिवाय अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न वजनाचाच विचारतात. म्हणून तुला स्पष्ट सांगते, दोघांनी बॅग घेऊन समुद्रावर जायचं हेच जर स्वप्न असेल तर जुनं ४७२.५ चं विमान स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नकोस. ६०० किलोला प्रमाणित झालेलं बघ. त्यात रिकामं वजन साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणजे अडीचशे किलो हाताशी राहतात, दोन माणसं, ऐंशी-नव्वद लिटर पेट्रोल आणि दोन छोट्या बॅगा नियमात बसतात. आणि विकणाऱ्याने सांगितलेला आकडा घेऊ नकोस, त्याच विमानाचा त्याच सामानासकटचा ताजा वजनाचा कागद माग. नाही दाखवला तर उठून ये.

आता उतरण, म्हणजे खरा विषय.

सेसनात तू काय करतोस, एअरफिल्ड दिसलं की थ्रॉटल ओढतोस, नाक थोडं खाली, आणि ते दोन पंखांचे टेकू, चाकं, दांडे सगळे हवेत अडसर करत असतात म्हणून वेग हातात राहतो. इथे नाक दोन अंश खाली केलंस की वेग २४० वरून २६०, २७०, आणि वेगमापीचा काटा पिवळ्या पट्ट्यात. खंबाटकीचा उतार न्यूट्रलला उतरण्यासारखं आहे ते, गाडी शांत असते, आवाज नसतो, म्हणूनच कळत नाही. आणि चाकं-फ्लॅप बाहेर काढायचा वेग आमच्या मॅन्युअलमधे १४०. म्हणजे २५० ने एअरफिल्डवर पोचलास तर तुझ्याकडे थांबायचं एकही साधन नाही, जे ब्रेक आहेत ते लावायची परवानगीच १४० च्या खाली आहे.

त्यामुळे गणित घरी करायचं. समज ७५०० फुटांवर आहेस, आणि सर्किट, म्हणजे उतरण्याआधीची रनवेभोवतीची चौकोनी फेरी, २९०० वर जोडायचंय. ४६०० फूट घालवायचेत. मिनिटाला ५०० फूट धरलं तर सव्वानऊ मिनिटं. २५० ने जाताना मिनिटाला चार किलोमीटरच्या वर कापतोस, म्हणजे नुसत्या उतरणीला अडतीस-चाळीस किलोमीटर, आणि शेवटचे सपाट आठ-दहा धरून एअरफिल्डच्या पन्नासेक किलोमीटर आधी उतरायला सुरुवात. एअरफिल्ड तेव्हा दिसत पण नसतं, रेडिओवर अजून लांगेन इन्फॉर्मेशनशी, म्हणजे वाटेतल्या माहिती केंद्राशी, बोलत असतोस. सुरुवातीला हे चुकीचंच वाटतं, पण तिथेच उतरायचं. आणि त्यातले शेवटचे आठ-दहा किलोमीटर सपाट उडायचे, उंची न घालवता, थ्रॉटल कमी करून फक्त वेग मरू द्यायचा. उंची आणि वेग दोन्ही एकदम घालवायला जाशील तर दोन्हीतलं एकही जाणार नाही.

या विमानावरच्या माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. श्वाबिश आल्बवरचं एक ओळखीचं मैदान, सप्टेंबरची संध्याकाळ, सूर्य समोर. उशीर झाला होता म्हणून जरा घाईत होते, उंच आणि फास्ट डाउनविंडला, म्हणजे सर्किटच्या रनवेला समांतर बाजूला, आले, काटा १९० वर. थ्रॉटल मागे ओढला तसा चाकांचा भोंगा वाजायला लागला, कारण पॉवर कमी आणि चाकं आत. चाकं काढता येईनात कारण वेग जास्त. त्यात पुढे एक ग्लायडर फायनलला, म्हणजे रनवेकडच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, रेडिओवर त्याचं बोलणं. भोंगा पूर्ण डाउनविंडभर वाजत होता, आणि खरी भीतीची गोष्ट ही की मिनिटभराने मला तो ऐकू येईनासा झाला. कान त्याला सरावले. बेसवर, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या बाजूला, वळताना १३० झाला, फ्लॅप टाकले, सगळं लक्ष ग्लायडरकडे, फायनलला वळले आणि सवयीने मोठ्याने म्हटलं "चाकं, तीन हिरवे", बोट चाकं बाहेर येऊन पक्की झाल्याचं सांगणाऱ्या दिव्यांवर नेलं आणि तिथे एकही हिरवा नव्हता. जमिनीपासून दोन-अडीचशे फूट असेन. फुल थ्रॉटल, गो-अराउंड म्हणजे न उतरता परत वर, परत दहा मिनिटांचं लांब शांत सर्किट. त्या दिवसापासून मी नियम केलाय, सर्किटच्या पाच किलोमीटर आधी वेग १४० च्या खाली नसेल तर सर्किटमधे शिरतच नाही, बाजूला जाऊन एक गोल चक्कर मारते. आणि चाकं तीनदा बघायची, डाउनविंडला, बेसला, फायनलला, तिन्ही वेळा बोट दिव्यावर टेकवून मोठ्याने बोलून. नुसतं मनात म्हटलेलं धरायचं नाही.

उतरतानाचा शेवटचा टप्पा पण वेगळा आहे. पूर्ण फ्लॅपवर १०५-११० ने फायनल, आणि विमान हलकं असल्यामुळे त्याच्यात साठलेला जोर कमी. थ्रॉटल बंद करून जमिनीजवळ नाक वर उचललंस की वेग असा जातो की जणू कोणी मागून धरलं. सेसनासारखं मीटरभर वर तरंगत वाट बघत बसलास तर ते धपकन खाली बसतं आणि पुढचं चाक नाजूक असतं, ते पहिलं मोडतं. थोडी पॉवर ठेवून ये, मागची चाकं टेकली की मग काढ, काठी पोटाशी धरून ठेव. आणि फ्लॅपशिवाय उतरायची वेळ आली तर बरोबर उलटं होतं, थांबायचं नावच घेत नाही, तरंगत तरंगत अर्धा रनवे खातं. दोन्ही प्रकार इन्स्ट्रक्टरला शेजारी बसवून शीक, पंधरा-वीस तरी लँडिंग. माझ्या मते सेसनावरून येणाऱ्याला नव्या टाइपवर दहा तास इन्स्ट्रक्टरबरोबर हवेतच, कागदावर कमी चालत असले तरी.

तू कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगला होतास ना, मग पिपिस्ट्रेल व्हायरसमधे बसला असशील, एसडब्ल्यू ८०, तेच स्लोव्हेनियन विमान. ते पण याच घराण्यातलं, ऐंशी हॉर्सपॉवरवर २४० च्या आसपास जाणारं. पण त्याच्या पंखावर एअरब्रेक आहेत, वरून झडपा उघडतात आणि विमान खाली बसतं. ग्लायडरवाल्यांनी बनवलेलं आहे, त्यांना उतरणीचं दुखणं माहीत होतं. तू जी बघतोयस त्यातल्या बहुतेकांना एअरब्रेक नाहीत. एवढा एक फरक लक्षात ठेव.

वेगाबद्दल अजून एक गोष्ट जी सेसनात कधी डोक्यात घ्यावी लागत नाही. उंच गेलास की मीटरवरचा वेग आणि हवेतला खरा वेग यांच्यात अंतर पडतं, १०,००० फुटांवर मीटर २५० दाखवत असेल तर खरा २९० च्या आसपास असतो. पंखाची किंवा शेपटीची फडफड, ज्याला फ्लटर म्हणतात, ती खऱ्या वेगावर अवलंबून असते. त्यामुळे वर गेल्यावर "अजून लाल रेषेला, म्हणजे कमाल वेगाला, तीस बाकी आहेत" हे खरं नसतं. तुझ्या मॅन्युअलमधे उंचीप्रमाणे लाल रेषा कमी करायचा तक्ता असेल, तो छापून गुडघ्यावरच्या पाटीला लाव. टर्बोवाल्यांत तर हे फारच महत्त्वाचं, ती इंजिनं वरच्या पातळ हवेतपण दम सोडत नाहीत.

आणि धक्के. आमच्या पंखावर चौरस मीटरला साधारण ४८ किलो येतात, सेसना १७२ ला पूर्ण भरल्यावर ६८ च्या पुढे. हलका पंख आणि वरून जास्त वेग, म्हणजे तोच उन्हाळी थर्मल, वर चढणाऱ्या गरम हवेचा झोत, तुला सेसनाच्या दीडपटीहून जास्त हिसका देतो. जुलैत दुपारी दोन वाजता २४० ने उडत असशील तर डोकं कॅनॉपीला, म्हणजे वरच्या पारदर्शक झाकणाला, आपटतं, माझं आपटलंय, हेडसेटची कड टाळूत रुतली होती. पिवळा पट्टा फक्त शांत हवेसाठी आहे हे शाळेत पाठ केलेलं असतं, इथे ते अंगावर येतं. हवा उकळायला लागली की मी सरळ १८० वर येते. मग ब्रोशरचा ३०० गेला कुठे? तो सकाळी सात वाजता मिळतो, हवा तळ्यासारखी असते तेव्हा. उन्हाळ्यात लांब जायचं असेल तर पहाटे निघ, अकराच्या आत पोच, जेव, झोप काढ, संध्याकाळी परत.

इंजिनबद्दल जरा प्रेमाने लिहिते, कारण रोटॅक्सची कुरकुर करणारे बरेच असतात आणि बहुतेकांनी ते नीट वापरलेलं नसतं. तुझ्या सेसनाचं इंजिन मिनिटाला २४००-२५०० फेऱ्यांवर चालतं, हे ५००० वर. घाबरू नकोस, मधे गिअरबॉक्स आहे, २.४३ ला १, पंखा बाहेर आरामातच फिरतोय. टेकऑफला ५८०० पण फक्त पाच मिनिटं, नंतर ५५०० च्या आत. व्हेरिएबल पिच, म्हणजे पात्यांचा कोन बदलता येणारा, पंखा असेल तर लोक गाडीसारखं करतात, थ्रॉटल पूर्ण आणि आरपीएम खाली ओढलेला, शांत वाटतं म्हणून. ९१२ यूएलएसला फुल थ्रॉटलवर ५२०० च्या खाली ठेवणं त्रासाचं आहे, चढावर टॉप गिअरमधे रेटल्यासारखं होतं ते. पेट्रोल पंपावरचं चालतं, उलट चांगलं चालतं, शिसंवालं विमानाचं पेट्रोल, अ‍ॅव्हगॅस, सारखं वापरलंस तर तेल लवकर बदलावं लागतं, पन्नास तासांना.

रोज सकाळी जे करायचं ते दाखवते. तेल या इंजिनात खाली नसतं, बाजूला टाकीत असतं, त्यामुळे तेल मोजायच्या आधी पंखा हाताने फिरवायचा. आधी दोन्ही इग्निशन बंद आहेत ना ते स्वतः बघ, चाकाला अडसर लाव, तेलाच्या टाकीचं झाकण उघड. मग पंखा फिरायच्या दिशेनेच, उलटा कधीच नाही, एकेक पातं सावकाश ओढत राहा. कॉम्प्रेशन हाताला लागतं, चारही सिलिंडर जवळपास सारखे लागले पाहिजेत, एखादं पोकळ लागलं तर आजचं उड्डाण नाही. दहा-पंधरा पाती होतात, कधी तीस, आणि मग टाकीतून एकदम गुडगुड गुडगुड आवाज येतो, हुक्क्यासारखा. म्हणजे क्रँककेसमधलं तेल परत टाकीत आलं. आता कांडी बुडवून बघ. थंडीत हात गारठतात, लोक कंटाळा करतात, पण या दोन मिनिटांत इंजिन तुझ्याशी बोलतं. आणि सुरू केल्यावर तेल ५० डिग्री होईपर्यंत पॉवर लावायची नाही, मागे कोणी थांबलं असेल तरी.

कॅनॉपीची कडी पण अशीच हाताने ढकलून बघायची, नुसती डोळ्याने नाही. अर्धवट लागलेली कॅनॉपी टेकऑफला उघडली तर विमान बहुतेक वेळा उडत राहतं, पायलट मात्र ती पकडायच्या नादात उडवायचं विसरतो.

पॅराशूट. जर्मनीत यूएलला ते सक्तीचंच आहे, लाल हँडल, रॉकेटने बाहेर फेकलं जातं. उडायच्या आधी पिन काढायची आणि उतरल्यावर लावायची, ही माझ्या चेकलिस्टमधली पहिली आणि शेवटची ओळ आहे. ते कधी ओढायचं हे जमिनीवर ठरवून ठेव, वर ठरवता येत नाही. माझं ठरलंय: काही तुटलं, कोणाशी टक्कर झाली, ढगात शिरून विमान हातातून गेलं, किंवा इंजिन बंद पडलं आणि खाली जंगल-डोंगर सोडून काही नाही, तर इंजिन बंद करून ओढायचं. खाली चांगलं शेत असेल तर शेतात उतरायचं. बायकोला पण शिकव, तुला काही झालं तर हे हँडल दोन्ही हातांनी पूर्ण ओढायचं म्हणून, आणि उड्डाणाआधी प्रत्येक वेळी सांग, तिला पाठ असलं तरी.

लायसन्सचं पटकन सांगते. पीपीएलवर यूएल उडवता येत नाही, वेगळं लायसन्स लागतं, पण तुझे तास धरले जातात, काम थोडक्यात होतं. यूएल हा प्रकार इयासा या युरोपियन विमान सुरक्षा संस्थेच्या बाहेरचा, प्रत्येक देशाचा आपापला, त्यामुळे सीमा ओलांडायची तर त्या देशाचे नियम त्या वर्षीचे बघायचे, मागच्या वर्षीचे नाही. रात्री नाही, ढगात नाही.

आणि हा ढगांचा मुद्दा वेगाशी जोडलेला आहे म्हणून थांबते जरा. तुझ्या डोक्यात पोर्तोरोझ असेल, स्लोव्हेनियाच्या किनाऱ्यावरचं, पिरानजवळचं, म्युनिकहून सरळ रेषेत तीनशे तीस-चाळीस किलोमीटर, आणि ब्रोशर म्हणतं सव्वा तासाच्या आत. मधे आल्प्स आहेत. मी मिटरझिलवरून फेलबर्टाउर्न ओलांडून लिएन्झ, मग फिलाखकडून खाली स्लोव्हेनियात असं जाते, दहा हजार फुटांच्या आसपास, आणि गाफोर या पायलटांच्या हवामान अंदाजात त्या रूटला एक्स (बंद) किंवा माइक (अवघड) असेल तर निघतच नाही, दक्षिणेचा फ्योन वारा जोरात असेल तरी नाही, कारण डोंगरामागच्या त्या हवेत हलकं विमान पानासारखं फेकलं जातं. अंदाजे तीनातला एक वीकेंड आमचा जमतो. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमधे आलं तेव्हापासून तिथल्या लोशिन्य बेटावर जाणं सोपं झालंय, पण हवामानाला शेंगेन नाही. झारा रदरफर्ड एकटीने जग फिरून आली, १९ वर्षांची, स्लोव्हाकियात बनलेल्या शार्कमधून, म्हणजे या प्रकारातल्या अगदी वेगवान विमानातून. १८ ऑगस्ट २०२१ ला बेल्जियमहून निघाली ती २० जानेवारी २०२२ ला पोचली. तीन महिन्यांचा बेत पाच महिन्यांवर गेला, अलास्कात नोमला महिनाभर अडकून बसली, पुढे सायबेरियात अयानला तीन आठवडे. ती थांबली म्हणून पोचली असं मला मनापासून वाटतं. मुंबईच्या आरोही पंडितचं पण तेच, २०१९ च्या मे महिन्यात पिपिस्ट्रेल सायनसमधून स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड करत एकटी कॅनडाला इकालुइटला उतरली. सायनस तर लांब पंखाचं, या बाकीच्यांपेक्षा हळू विमान. तिचा फोटो आमच्या हँगरच्या दाराला मी लावलाय, इथली पोरं विचारतात कोण म्हणून, सांगताना ऊर भरून येतो.

घरच्यांना आधी सांगून ठेव की रविवारी परत येऊच असं नाही, सोमवारी ट्रेनने येऊ आणि विमान तिथेच राहील. मी नवऱ्याच्या ऑफिसात पण हे सांगून ठेवलंय. एकदा हे ठरलं की परत यायचा दबाव डोक्यावरून जातो.

तर घेऊ का? पूर्ण नवं, टर्बोवालं एकट्याने घेऊ नकोस, दोन-तीन लाख युरोच्या घरात जातं आणि तू वर्षाला साठ तास उडणार. आधी एक सीझन कोणाच्या तरी गटात हिस्सा घे किंवा भाड्याने उडव, स्थिर चाकांचं चालेल, डायनॅमिकसारखं, वेग बऱ्यापैकी तोच, चाकं विसरायची भीती नाही. पन्नास लँडिंग झाली, वेगवेगळ्या वाऱ्यांत, की मग चाकं आत जाणारं बघ.

पुढच्या महिन्यात एखाद्या शनिवारी हवा चांगली असली तर आमच्याकडे ये, बायकोला पण आण. तुला डाव्या सीटवर बसवते, ७५०० वरून उतरण तू कर, मी फक्त बोलेन. येताना पोर्तोरोझला जी बॅग नेणार म्हणतोयस ती खरोखर भरून आण, चार्जर, चपला, टॉवेलसकट. हँगरमधे दाराशीच काटा आहे, तिघंजण आणि बॅग त्याच्यावर उभं राहू, आणि कागद-पेन मी आणते.